माजघरातला उजेड आणि अठ्ठावीस हजारांचा कॅमेरा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:
रत्नागिरीत एका पतसंस्थेत काम करणाऱ्या आणि देवगड तालुक्यात माहेर असलेल्या एका वाचक भगिनींचं हे पत्र आहे. गावचं चिऱ्याचं कौलारू घर यंदा गणपतीनंतर पाडून तिथे स्लॅबचं बांधायचं असं भावाने ठरवलंय. ऐंशी ओलांडलेली आजी त्याच घरात आहे. शेवटच्या गणपतीला मुंबईचे चाकरमानी धरून सगळी भावकी जमेल. तेव्हा घराचे आणि माणसांचे फोटो फिल्मवर काढावेत असं त्यांच्या मनात आहे, कारण 'फोनमधले फोटो कुठे राहतात?' खिशात मावणारा, बटण दाबलं की झालं, असा कॅमेरा त्यांना हवाय. समोर तीन पर्याय आहेत: ऑनलाइन विक्रेता २८,००० रुपयांना देतोय तो ऑलिंपस म्यू-टू, ओळखीतल्या एकाकडचा ६,००० रुपयांचा ३८ ते १४० झूमवाला कॅमेरा, आणि वारलेल्या वडिलांचा कपाटात पडून असलेला याशिका एमएफ-टू सुपर. त्या विचारतात, कुठला वापरू? आणि २८,००० घालायचेच ठरले तर नवऱ्याला काय सांगू?

उत्तर:

तुमच्या पत्रात कॅमेऱ्यांची माहिती भरपूर आहे आणि घराबद्दल जेमतेम तीन ओळी. पण त्यातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली: 'माजघरात भरदिवसाही बल्ब लावावा लागतो.' तुमचा कॅमेरा या ओळीवर ठरणार आहे.

बाहेर खळ्यात, तुळशीपाशी, विहिरीवर किंवा खाली पुळणीवर, समुद्राच्या वाळूत, तिन्ही कॅमेरे चांगले फोटो देतील. कोकणातलं ऊन इतकं भरपूर असतं की साध्यातल्या साध्या लेन्सलाही अडचण पडत नाही. अडचण सुरू होते उंबरा ओलांडल्यावर. जांभ्याच्या जाड भिंती, छोट्या खिडक्या, वर काळवंडलेले वासे, खाली सारवलेली जमीन. या सगळ्यात उजेड नुसता मुरतो. अशा माजघरात ४०० स्पीडची, म्हणजे कमी उजेडातही चालणारी फिल्म घातली आणि लेन्स एफ २.८ पर्यंत उघडली (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं), तरी शटर सेकंदाचा पंधरावा भाग वगैरे उघडं राहावं लागतं. हात थोडा टेकवला तर एवढ्यात फोटो निभावतो. हाच उजेड एफ ११ च्या लेन्समधून घ्यायचा तर सोळापट वेळ लागतो, म्हणजे जवळजवळ एक सेकंद. तेवढा वेळ ना तुमचा हात स्थिर राहील, ना आजीची मान.

म्हणून झूमवाला कॅमेरा मी पहिल्यांदा बाजूला ठेवेन. १४० हा आकडा ऐकायला बरा वाटतो. दुकानदारांनी एके काळी हे कॅमेरे याच आकड्यावर खपवले. पण खिशातल्या कॅमेऱ्यात एवढा लांबचा झूम बसवायचा तर लेन्सचं तोंड बारीक करावं लागतं. झूम पूर्ण बाहेर काढला की तोंड एफ १० - ११ वर येतं, मग फ्लॅश आपोआप उडतो, आणि फ्लॅश तेवढ्या लांब पोचत नाही. झूम न करता वापरला तर तो वाईट नाही, पण मग झूम घेतला कशाला? शिवाय पुढे-मागे सरकणाऱ्या त्या नळीच्या फटींत खारी हवा आणि वाळू शिरते. किनाऱ्यावरच्या माणसाने हे विसरू नये.

आता म्यू-टू. तो चांगला आहे, यात वाद नाही. १९९७ साली आला. ३५ मिमीची एफ २.८ ची लेन्स, सरकतं झाकण, साबणाच्या वडीएवढा आकार. विक्रेत्याने 'वॉटरप्रूफ' म्हणून सांगितलंय असं तुम्ही लिहिता, ते मात्र सोडून द्या. तो पावसाचे शिंतोडे सोसण्यासाठी केलेला होता, आणि त्याच्या रबरी पट्ट्या आता पंचवीसेक वर्षांच्या झाल्यात. आषाढातल्या देवगडच्या पावसात त्यांची परीक्षा घेऊ नका. दुसरी त्याची खोड अशी की झाकण बंद करून पुन्हा उघडलं की फ्लॅश परत ऑटोवर जातो. समईच्या उजेडात बसलेल्या आजीचा फोटो काढायचाय, तुम्ही आठवणीने फ्लॅश बंद केलात, मध्ये झाकण लावलंत, पुन्हा उघडून बटण दाबलंत की लख्ख! आजी दचकणार आणि समईचा उजेड फोटोतून गायब.

पण माझी खरी हरकत वेगळी आहे. हा कॅमेरा पूर्ण इलेक्ट्रॉनिक आहे. आतली एक पातळ पट्टी तुटली की तो संपला, सुटे भाग बनत नाहीत. २८,००० त्याच्या नावाचे आहेत, आणि तुम्हाला जो 'फिल्मचा रंग' आवडतो तो त्या नावातून येत नाही. तो येतो फिल्ममधून, उजेडातून आणि लॅबवाला स्कॅन कसा करतो त्यातून. एकच कोडॅक गोल्ड २०० त्या कॅमेऱ्यात आणि बाबांच्या याशिकात घालून खळ्यातल्या उन्हात फोटो काढा. हातात ठेवायच्या प्रिंटवर कुठला कुठल्याचा हे सांगणं बहुतेकांना जमणार नाही.

हिशोब मांडून बघू. रोल, धुणावळ, स्कॅन आणि मुंबई-पुण्याचं कुरिअर मिळून एका रोलला दीड ते दोन हजार धरून चाला. २८,००० मध्ये १४ ते १८ रोल होतात, म्हणजे पाचशेहून जास्त फोटो. गणपतीच्या पाच दिवसांसाठी तुम्हाला फार तर चार रोल लागतील.

तेव्हा सुरुवात कपाटातल्या याशिकापासून करा. तो घेताना एक सांभाळा: मागचं झाकण लगेच उघडू नका. आत अजून रोल असू शकतो. झाकणाला खिडकी असेल तर डबीचा रंग दिसेल; नसेल तर रोल गुंडाळायची मूठ बाणाच्या दिशेने अगदी हलक्या हाताने फिरवा. ताण जाणवला तर आत फिल्म आहे. मग तळाचं बटण दाबून ती पूर्ण गुंडाळा, मूठ एकदम सैल झाल्यावरच झाकण उघडा, आणि रोल लॅबला पाठवताना 'खूप जुना रोल' असं स्पष्ट लिहा. कोकणातल्या उष्म्यात इतकी वर्षं पडलेल्या फिल्मवर फारसं काही उरत नाही. पण रंगीत रोल ब्लॅक अँड व्हाइट पद्धतीने धुतला तर कधी कधी पुसट का होईना चित्र मिळतं. लॅबवाल्यांना हे ठाऊक असतं.

मग सेलचा कप्पा बघा. पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर कापसाच्या काडीला लिंबाचा रस लावून पुसा, नंतर नुसती ओली काडी आणि शेवटी कोरडी. झाकणाच्या कडेचा काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटला तर तो गेला. तिथून उजेड आत शिरतो आणि फोटोवर नारिंगी पट्टे येतात. लोकरीचा काळा धागा त्या खाचेत बसवला तरी काम भागतं. शेवटी मागचं झाकण उघडं ठेवून शटर दाबत लेन्समधून खिडकीकडे पाहा. काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसली तर ती बुरशी. थोडी असेल तर फोटोवर फरक कळत नाही, जास्त असेल तर सगळं दुधाळ दिसतं.

याशिकाची मर्यादाही ऐका. तो फिक्स फोकसचा आहे. साधारण दीड मीटरच्या पलीकडचं सगळं बऱ्यापैकी स्पष्ट, त्याच्या आतलं धूसर. म्हणजे आजीच्या हातावरच्या सुरकुत्या त्याला जमणार नाहीत. आजी ओटीवर बसलीय आणि मागे दारावरची कोरीव पट्टी दिसतेय, हे जमेल. माजघरात तो फ्लॅशशिवाय हात टेकेल. आणि फ्लॅश म्हणजे तीन मीटरचा खेळ, ४०० ची फिल्म असेल तर थोडा जास्त. माटवीला, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या चौकटीला, बांधलेली कवंडळं आणि सुपाऱ्यांचे घोस त्या टप्प्यात येतात. आरतीला मागे उभी असलेली भावकी येत नाही. (जाता जाता: कार्तिकातल्या जत्रेत दशावताराचे फोटो काढायची हौस कुणाला आली, तर याच कारणासाठी असले छोटे कॅमेरे घरी ठेवावेत. रंगमंच दहा मीटरवर आणि फ्लॅश पुढच्या रांगेतल्या डोक्यांवर.)

आता, याशिका चालू झालाच नाही किंवा आतल्या फोटोंसाठी दुसरा हवाच असं ठरलं, तर काय घ्यावं? झूम नसलेली, मोठ्या तोंडाची लेन्स, आणि गावात मिळणारे सेल, एवढंच धरून शोधा. १९८३ चा निकॉन एल३५एएफ या मापात बसतो. ३५ मिमी, एफ २.८, दोन पेन्सिल सेल. म्यू-टूला लागणारा सीआर१२३ए सेल ऐन चतुर्थीला संपला तर देवगडात कुठे शोधाल? पेन्सिल सेल नाक्यावरच्या टपरीतही असतो. निकॉनचा फ्लॅश अंधार दिसला की आपण होऊन वर उडी मारतो, पण बोटाने दाबून धरला की गप्प बसतो. आकाराने मात्र तो थोराड आहे, साडीच्या कमरेला खोचता येणार नाही.

खिसाच महत्त्वाचा असेल तर ऑलिंपस एक्सए-टू. १९८० चा, लेन्स एफ ३.५, अंतर तीन टप्प्यांत हाताने लावायचं, आत बटण सेल. त्याला फ्लॅश वेगळा जोडावा लागतो. तुमच्या कामाला हे दूषण नव्हे, कारण तो आपणहून कधीच उडणार नाही. अंधारात दोनेक सेकंद शटर उघडं ठेवायची त्याची तयारी असते. तळाला सेल्फ टायमरची एक पट्टी आहे, ती पुढे ओढली की तिचाच टेकू होतो. फडताळावर किंवा उलट्या पाटावर ठेवायचा, पट्टी ओढायची, बटण दाबायचं आणि स्वतःही जाऊन आजीशेजारी बसायचं. फोटो काढणारी बाई कुठल्याच फोटोत नसते, तुमच्या घरीही बहुधा तेच असेल.

पुष्कळजण ऑलिंपस ट्रिप ३५ सुचवतील. सेलच लागत नाही, दणकट आहे, समुद्रावर न्यायला मला तो फार आवडतो. पण उजेड कमी असला की त्याच्या खिडकीत लाल झेंडी येते आणि बटण दबतच नाही. माजघरात तो पूर्ण वेळ झेंडी दाखवत बसेल. नवे, प्लॅस्टिक लेन्सचे स्वस्त कॅमेरेही याच कारणाने नकोत. कोडॅक एक्टार एच३५ चं तोंड एफ ९.५ वर कायमचं ठरलेलं आहे. कोरा आणि नीट लेन्सचा हवा असेल तर २०२४ साली आलेला पेंटॅक्स १७ आहे, एफ ३.५ चा. तो अर्धी चौकट वापरतो, म्हणून ३६ च्या रोलवर ७२ फोटो होतात. पण किमतीने तो तुम्हाला पुन्हा पहिल्या चौकात आणून सोडेल.

जुना कॅमेरा कुणाकडूनही घेताना 'मिंट' (नव्यासारखा) आणि 'टेस्टेड' हे शब्द कानाआड करा. त्याच कॅमेऱ्याने गेल्या एक-दोन महिन्यांत काढलेल्या रोलचे स्कॅन मागा. टॉर्चचा उजेड लेन्समधून टाकलेला व्हिडिओ मागा, मागचं झाकण उघडून फोम दाखवायला सांगा, फ्लॅश उडवून दाखवायला सांगा, आणि परत घेण्याचं लेखी कबूल करून घ्या. टाळाटाळ झाली तर पुढे चला. आणि फ्लॅशवाला कॅमेरा घरी खोलून बघायला भाच्यांना देऊ नका; सेल काढले तरी आतल्या कपॅसिटरमध्ये तीनेकशे व्होल्ट दबून असतात.

काहीही वापरा, पावसाआधी एक रोल पूर्ण काढून, धुऊन, डोळ्यांनी बघा. आत्ता आंबे उतरवायचे दिवस आहेत, काढायला विषय कमी नाहीत. अर्धा रोल बाहेर, अर्धा घरात. घरातले फोटो एकाच जागेवरून, फ्लॅशसह आणि फ्लॅशविना, सकाळी आणि चारच्या सुमाराला काढा. चारला मागच्या पडवीतून उजेड आत येत असेल तर ते या रोलवर कळेल आणि गणपतीत ती वेळ धरता येईल. फिल्म ४०० ची घ्या, ताजी घ्या. मुदत संपलेले रोल स्वस्त मिळतात, ते मजा म्हणून ठीक. पुन्हा न येणाऱ्या दिवसासाठी नकोत. कॅमेऱ्यावर फिल्मची स्पीड हाताने लावायची असेल तर ती लावलीय ना, हे बघा. ऑटोफोकसवाला घेतलात तर आजी आणि भाऊ शेजारी शेजारी बसल्यावर मधल्या रिकाम्या जागेवर फोकस जातो आणि मागची भिंत तेवढी स्वच्छ येते. आधी आजीच्या चेहऱ्यावर बटण अर्धं दाबून धरायचं, मग कॅमेरा सरकवायचा आणि पूर्ण दाबायचं.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मात्र मी सहमत नाही. फोनमधले फोटो राहत नाहीत आणि फिल्मवरचे राहतात, हे कोकणात अर्धंच खरं. निगेटिव्हवरचा थर जिलेटिनचा असतो, आणि बुरशीला जिलेटिन फार आवडतं. ट्रंकेत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या किती तरी घरांच्या निगेटिव्ह एकमेकींना चिकटून गेल्यात. कॅमेराही तसाच, चामड्याच्या पाकिटात घालून कपाटात ठेवला की दोन पावसाळ्यांत लेन्सला बुरशी येते. घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेल टाका, रंग बदलला की ते तापवून कोरडं करा. तांदळात ठेवू नका, पीठ आत जातं. निगेटिव्ह कागदी किंवा त्यासाठीच मिळणाऱ्या पाकिटांत, त्याही डब्यात. न वापरलेले रोल फ्रिजमध्ये चालतात, पण वापरायच्या काही तास आधी बाहेर काढून डबी बंदच ठेवा, नाही तर दमट हवेत फिल्मवर पाणी धरतं. भरलेला रोल श्रावणभादव्यात कपाटात ठेवू नका, गणपती गेले की त्याच आठवड्यात पाठवा. सोबत चिठ्ठीत लिहा की निगेटिव्ह परत हव्यात. काही लॅब नुसते स्कॅन पाठवून मोकळ्या होतात.

आणि फोननेही काढाच. अंधाऱ्या माजघरात आजचा साधा फोन या सगळ्या कॅमेऱ्यांपेक्षा बरं काम करतो, हे मी फिल्मचा भक्त असूनही सांगतो. आजी कुठल्या खोलीत कोण जन्मलं, कुठला वासा कोणत्या सालच्या वादळात बदलला, हे सांगत असेल तर त्याचा व्हिडिओ फोनवरच घ्या, फिल्मला आवाज नाही. निवडक तीस-चाळीस फोटोंचे, फोनचे आणि फिल्मचे मिळून, कागदावर प्रिंट काढा. मागे मऊ पेन्सिलीने नावं आणि तारीख लिहा, बॉलपेनचा वळ पुढे उमटतो.

भावाबद्दल तुम्ही फार लिहिलेलं नाही, म्हणून मीही थोडंच लिहितो. गळकी कौलं दर वर्षी शाकारायची, वाळवी लागलेले वासे बदलायचे, आता त्यासाठी माणसं मिळत नाहीत. हे त्याच्या वाट्याला आलंय आणि तुम्ही रत्नागिरीत आहात. फोटो काढताना त्याला 'बाजूला हो' म्हणू नका. शिडी लावून कौल सरकवणारा भाऊ हाही त्या घराचाच फोटो आहे. जमल्यास याशिका थोडा वेळ त्याच्या हातात द्या. तुमचे बाबा कुठे उभे राहून फोटो काढायचे हे कदाचित त्याला आठवत असेल.

राहिला नवरा. याशिकाला सेल, लोकरीचा धागा आणि पहिला रोल, दोन हजारांच्या आत सगळं बसतं. तेवढंच सांगा. निकॉन किंवा एक्सए-टू घ्यायची वेळ आली तर पहिल्या रोलचे प्रिंट पुढे ठेवून माजघरातले बिघडलेले चार फोटो आधी दाखवा.